रकाना कोणता पुकारायचा

लहानपणी आमच्याकडे कुस्तीगिरांच्या चित्रांची पत्त्यांची एक कॅट होती. प्रत्येक पानावर एक दांडगा माणूस आणि त्याच्याखाली चार-पाच रकाने: उंची, वजन, छाती, जिंकलेल्या कुस्त्या, क्रमांक. ज्याची पाळी त्याने हातातलं वरचं पान बघून एक रकाना पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याची दोन्ही पानं. माझा आत्येभाऊ या खेळात सहसा हरत नसे. त्याला पानं फार चांगली येत असं काही नव्हतं. पण एखादा काटकुळा पैलवान वाट्याला आला, तरी तो शांतपणे ‘कुस्त्या’ म्हणायचा आणि माझा दीडशे किलोचा राक्षस उचलून घेऊन जायचा. रकाना कोणता पुकारायचा यातच सगळा खेळ आहे, हे मला फार उशिरा कळलं.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दोन बातम्या लागोपाठ वाचल्या. एकीत ‘चौथ्या श्रेणीचं’ चक्रीवादळ होतं, दुसरीत ‘७.१ तीव्रतेचा’ भूकंप. यात मोठं कोण? प्रश्न पोरकट होता. पण पोरकट प्रश्नांना डोक्यातून हुसकावणं अवघड असतं. मी एक जुनी वही काढली आणि नैसर्गिक संकटांची तशीच कॅट बनवायला घेतली. भूकंप, चक्रीवादळ, ज्वालामुखी, त्सुनामी, टोर्नेडो, दरड, उष्णतेची लाट, आकाशातून येणारा दगड. प्रत्येकाला एक चौकोन, वर चित्राला जागा, खाली रकाने.

पहिला रकाना साहजिकच ऊर्जेचा घेतला. ऊर्जा म्हणजे भौतिकशास्त्राचं चलन. सगळ्यांची किंमत ज्यूलमध्ये लावली की भांडण मिटेल, असा माझा हिशोब होता.

भूकंपाचं गणित सोपं निघालं. परिमाण (बातमीतला तो ७.१ सारखा आकडा) एका अंकाने वाढलं की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते, दोन अंकांनी वाढलं की १००० पट. सहाच्या भूकंपातून लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा हिरोशिमाच्या अणुबॉम्बच्या आसपास येते. आजवर यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप १९६० मध्ये चिलीत झाला, ९.५ चा. म्हणजे साडेतीन अंक वर. तिथे साधारण पावणेदोन लाख हिरोशिमा होतात. आकडा वहीत लिहिला आणि पेन खाली ठेवून जरा वेळ बसून राहिलो. याला कोण हरवणार?

हरवलं, आणि तेही एका साध्यासुध्या चक्रीवादळाने. पूर्ण वाढ झालेल्या सरासरी वादळात वाफेचं पाणी होताना जी उष्णता मोकळी होते, ती एका दिवसाला चिलीच्या त्या भूकंपलहरींच्या चार-पाच पट भरते. आणि वादळ एक दिवस जगत नाही, आठवडाभर जगतं. पण इथे माझ्या आत्येभावाची आठवण झाली, कारण याच पानावर दुसरा रकानाही काढता येतो. त्या उष्णतेचा अगदी थोडा भाग, साधारण चारशेतला एक, वाऱ्याच्या वेगात उतरतो. बाकीची उष्णता वर ढगांत आणि त्याहून वर अवकाशात विरून जाते. घरावर येऊन आदळतो तो वारा. नुसत्या वाऱ्याचा हिशोब धरला तर चिली त्या वादळाच्या एका दिवसाला ऐंशीहून जास्त पटींनी मागे टाकतो. मग वादळाची ताकद कोणती म्हणायची, सगळी की अंगावर येते तेवढीच? आणि हा नियम वादळाला लावला तर भूकंपालाही लावायला हवा. खडक घासून तापण्यात, मोडण्यात गेलेली ऊर्जा मी भूकंपाच्या पानावर धरलेलीच नव्हती, फक्त लहरींची धरली होती. एकाची ढोबळ मिळकत आणि दुसऱ्याची निव्वळ, असा तो व्यवहार झाला होता.

तरीही रकाना चालला असता. पण उत्सुकतेपोटी मी सूर्याचा आकडा काढून बसलो. पृथ्वीवर दर सेकंदाला सूर्याची जेवढी ऊर्जा येऊन पडते, त्या हिशोबाने चिलीच्या लहरींएवढी ऊर्जा यायला किती वेळ लागतो?

एक मिनिट.

मी तीनदा शून्यं मोजली. इतिहासातला सर्वांत मोठा नोंदलेला भूकंप म्हणजे एका मिनिटाचं ऊन. ते ऊन आपल्यावर रोज पडतं, आपण त्यात कपडे वाळत घालतो. तेव्हा सूर्याला कॅटमधला जोकर ठरवून बाजूला काढलं. जोकर घेऊन हा खेळ खेळता येत नाही. ऊर्जेच्या रकान्यावरचा माझा विश्वास मात्र तिथेच उडाला. पसरलेली ऊर्जा आणि एका फटीतून काही मिनिटांत निघालेली ऊर्जा यांची बेरीज सारखी असली, तरी त्या सारख्या नव्हेत. सुरीचं वजन करून तिची धार कळत नाही.

मग वाटलं, ज्या त्या शास्त्राने आपापली मोजपट्टी केलेलीच आहे, तीच वापरावी. या मोजपट्ट्यांच्या मागे लागलो आणि खरं सांगायचं तर कॅटपेक्षा त्यांच्यातच जास्त रमलो. एकेका मोजपट्टीमागे एक माणूस उभा आहे, आणि तो कुठे उभा आहे हे पट्टीवरून ओळखता येतं.

फ्रान्सिस ब्यूफोर्ट हा ब्रिटिश आरमारातला अधिकारी. १८०५-०६ च्या सुमारास त्याने वाऱ्याची एक श्रेणी लिहून काढली, ती लवकरच शून्य ते बारा अशी ठरली. त्यात वाऱ्याचा वेग नव्हताच. पुढे तिला जी जोड मिळाली ती शिडांची: कोणत्या वाऱ्यात जहाज किती शिडं उभारू शकेल. शून्यावर जहाज जागचं हलत नाही आणि बारावर कुठलंही शीड टिकत नाही. बारानंतर तेरा नाही, कारण शीडच फाटल्यावर खलाशाला पुढचा आकडा कशाला हवा? जमिनीवरच्या लोकांसाठी धूर, पानं, फांद्या, कौलं यांच्या खुणा या श्रेणीला पुष्कळ नंतर जोडल्या गेल्या.

जुझेप्पे मेर्काल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाची भूकंपाची श्रेणी तर घरातच बसलेली आहे. टांगलेल्या वस्तू हलल्या का, झोपलेले जागे झाले का, फर्निचर सरकलं का, धुराडी पडली का? एकाच भूकंपाला प्रत्येक गावात वेगळा आकडा. आणि चार्ल्स रिश्टरला, १९३५ मध्ये, नेमकं हेच नको होतं. त्याला एका भूकंपाला एकच आकडा हवा होता, गाव कुठलंही असो. ही कल्पना त्याने उचलली ती ताऱ्यांकडून. तारा आपल्याला किती तेजस्वी दिसतो, हे तो किती दूर आहे यावर अवलंबून असतं, म्हणून खगोलशास्त्रज्ञ सगळे तारे एकाच अंतरावर आणून ठेवल्याची कल्पना करतात. रिश्टरने भूकंप १०० किलोमीटरवर नेऊन ठेवले आणि एका ठरावीक यंत्राची सुई किती हलेल ते विचारलं. मेर्काल्ली पलंगावर उठून बसलेला माणूस, रिश्टर दुर्बिणीत बघणारा. मराठी बातमीत मात्र आपण दोघांच्या आकड्यांना ‘तीव्रता’ हा एकच शब्द वापरतो आणि मग ‘६ तीव्रतेचा’ म्हणजे कोणाचा सहा, हे वाचणाऱ्याने ओळखायचं.

दूर उभं राहण्यातही अडचण असतेच. जुन्या पद्धतीची मापं फार मोठ्या भूकंपांपुढे थकतात. प्रचंड लांबीची फट फुटते तेव्हा निघणाऱ्या संथ, लांबलचक लहरी ती यंत्रं आणि ती सूत्रं पकडत नाहीत, आणि आकडा एका ठिकाणी अडकून राहतो. चिलीचा भूकंप त्या मापांनी साडेआठच्या आसपासच घुटमळत होता. किती क्षेत्रफळाचा खडक फुटला, किती सरकला आणि तो किती ताठ होता, यांचा गुणाकार करणारी नवी पद्धत थॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी १९७९ मध्ये मांडली. आज बातम्यांत सर्रास ‘रिश्टर’ म्हणून सांगितला जाणारा आकडा बहुतेकदा या दोघांचा असतो. नाव मात्र रिश्टरलाच मिळतं. (मला त्या दोघांसाठी उगीच वाईट वाटतं.)

चक्रीवादळांची ती एक ते पाच श्रेणी हर्बर्ट सॅफिर या अभियंत्यापासून सुरू होते. वादळी भागांत स्वस्त घरं कशी बांधावीत, या संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी त्याला वाऱ्याने घराचं काय होतं हे मांडायचं होतं. पुढे हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट सिम्पसनने त्यात समुद्राच्या उधाणाचा अंदाज घातला. आणि २०१० मध्ये तो उधाणाचा भाग अधिकृतपणे काढून टाकला गेला, कारण तो जुळतच नव्हता. पाणी किती चढेल हे वाऱ्याबरोबरच वादळाचा घेर, त्याची दिशा, किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ आहे की खोल, यांवर ठरतं. २००५ चं कतरिना किनाऱ्याला लागलं तेव्हा तिसऱ्या श्रेणीत उतरलेलं होतं, तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आठ मीटरहून उंच पाणी चढलं. २०१२ चं सँडी न्यू जर्सीला पोहोचेपर्यंत कागदोपत्री हरिकेनही (म्हणजे श्रेणी मिळणारं वादळही) उरलं नव्हतं, तरी पाणी चढलंच.

आणि गंमत म्हणायची तर ही, की श्रेणी वाऱ्याची आणि मारतं पाणी. अमेरिकेतल्या पन्नास वर्षांच्या नोंदी सांगतात की तिथे वादळांच्या थेट तडाख्यात गेलेल्या दर दहा माणसांपैकी नऊ पाण्याने गेली. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात किमान तीन लाख माणसं नेली. ती वाऱ्याने नव्हे, रात्रीच्या अंधारात सपाट बेटांवर चढलेल्या समुद्राने नेली. म्हणजे बातमीत ‘चौथी श्रेणी’ वाचून मी जे समजत होतो, ते छपरांच्या अभियंत्याचं उत्तर होतं. माझा प्रश्न समुद्राबद्दलचा होता.

टोर्नेडोची मोजपट्टी तर याहून विचित्र आहे. टोर्नेडोत वारा मोजायला यंत्र टिकत नाही, म्हणून तेत्सुया फुजिताने १९७१ मध्ये उलटा रस्ता धरला: मागे राहिलेली पडझड बघायची आणि त्यावरून वारा ताडायचा. चोराच्या पावलांवरून चोराचं वजन काढण्यासारखं. ही युक्ती मला फार आवडते. पण ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमात एल रेनोजवळ चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडो उतरला. फिरत्या रडारने त्यात पृथ्वीवर क्वचितच मोजले गेलेले वारे टिपले. तो गेला मुख्यतः शेतांतून आणि मोकळ्या रानातून. पाडायला पुरेशी घरं नव्हती, म्हणून अधिकृत दर्जा मिळाला पाचपैकी तीन. रडारने मोजलेला वारा वहीत कुठे भरावा हे मला कळेना, शेवटी समासात लिहिला.

ज्वालामुखींची श्रेणी शून्य ते आठ आहे. ती १९८२ मध्ये ख्रिस न्यूहॉल आणि स्टीफन सेल्फ यांनी केली आणि तिचा मुख्य आधार उडालेल्या राखेचा आणि दगडांचा ढीग किती हा आहे. ढीगच तेवढा हजारो वर्षं मागे राहतो, तेव्हा भूगर्भशास्त्रज्ञाने त्यावर बोट ठेवावं हे बरोबरच. या श्रेणीत कोलंबियाच्या नेवादो देल रुईझचा १९८५ चा उद्रेक तिसऱ्या पायरीवर येतो आणि फिलिपाइन्सच्या पिनातुबोचा १९९१ चा सहाव्या. तीन पायऱ्या म्हणजे साधारण हजार पट राख. रुईझने २३,००० च्या आसपास माणसं मारली, पिनातुबोने हजाराच्या आत.

रुईझच्या माथ्यावर बर्फ होतं. छोट्याशा उद्रेकाने त्यातलं थोडं वितळलं, त्यात राख-माती मिसळली आणि तो चिखल नदीच्या खोऱ्यांतून धावत सुटला. खाली आर्मेरो हे शहर नदीच्या वाटेने विवरापासून सत्तरहून अधिक किलोमीटर दूर होतं. चिखलाला तिथे पोहोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. धोक्याचा नकाशा आधीच छापून तयार होता. दोन तास! यासाठी कुठलाही रकाना पुरत नाही. पिनातुबोच्या वेळी शास्त्रज्ञ दोन महिन्यांहून अधिक काळ डोंगरावर कान लावून बसले होते आणि हजारो लोकांना आधीच हलवलं गेलं होतं. तिथे जे गेले त्यांच्यातले बरेच छपरं कोसळून गेले, आणि त्याचं कारण पुन्हा माझी वही बिघडवणारं: नेमक्या त्याच दिवशी युन्या नावाचं वादळ तिथून गेलं. पावसाने राख भिजली आणि ओल्या राखेचं ओझं छपरांना पेलवलं नाही. एका हातात दोन पानं एकदम पडली. आमच्या कुस्तीगिरांच्या खेळात असा नियमच नव्हता.

इतर पट्ट्या मी भराभर उरकल्या. त्सुनामीची उंची हा रकाना पोरांना नक्की आवडेल असा आहे: अलास्काच्या लिटुया उपसागरात १९५८ मध्ये डोंगराचा कडा पाण्यात कोसळला आणि समोरच्या उतारावरची झाडं ५२४ मीटर उंचीपर्यंत खरवडून निघाली. उपसागरात मृत्यू दोन. २००४ च्या हिंदी महासागरातल्या त्सुनामीची लाट खोल समुद्रात जेमतेम हातभर उंच होती, जहाजांना जाणवलीही नसेल. मृत्यू सव्वादोन लाखांच्या वर. लघुग्रहांच्या तोरिनो श्रेणीत तर दगड पडायच्या आधीच शून्य ते दहा असा आकडा मिळतो, कारण तिथे शक्यता आणि ऊर्जा एकत्र धरतात. अपोफिस या लघुग्रहाने २००४ च्या डिसेंबरात चारचा विक्रम केला आणि मग कक्षा नीट कळल्यावर तो शून्यावर आला. दगड तोच, फक्त आपलं त्याच्याबद्दलचं ज्ञान बदललं.

शेवटी मृत्यूंचा रकाना आखला. मनाला पटत नव्हतं, पण बातम्या वाचणारे आपण सगळे हाच रकाना पुकारतो. २०१० च्या जानेवारीत हैतीत ७.० चा भूकंप झाला. दीड महिन्याने चिलीत ८.८ चा. चिलीत ऊर्जा पाचशे पट होती आणि मृत्यू सव्वापाचशेच्या आसपास. हैतीत बरेचसे अंदाज लाखाच्या वरचे आहेत, आणि सर्वांत वरचे तीन लाखांच्या पुढे जातात. हैतीत भूकंप उथळ होता आणि राजधानीच्या अगदी जवळ. पण चिलीने १९६० नंतर इमारतींचे नियम कडक केले आणि ते पाळले, हैतीत पाळायला तसे नियमच नव्हते. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ६.२ चा होता. सहा ते सात या पट्ट्यातले भूकंप जगात वर्षाला शंभराहून जास्त होतात, त्यांतल्या बहुतेकांची आपल्याला नावंही माहीत नसतात. किल्लारीत पहाटे चारच्या सुमारास दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्यांवर आलं, आणि जवळपास दहा हजार माणसं गेली.

आपल्या भाषेत अस्मानी आणि सुलतानी असे दोन शब्द जोडीने येतात. मी त्यांचे दोन रकाने करून बघितले, प्रत्येक पानावर किती वाटा आभाळाचा आणि किती राजाचा. एकही पान भरता आलं नाही. आर्मेरोचे ते दोन तास कोणत्या रकान्यात टाकायचे?

काही पानांना तर रकानाच नव्हता. कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचत गेला होता. १९८६ च्या ऑगस्टमधल्या एका रात्री तो एकदम उफाळून वर आला, हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत पसरत दऱ्यांतून उतरला आणि सतराशेहून अधिक माणसं, त्यांची गुरं, सगळी जागच्या जागी गुदमरली. जमीन हादरली म्हणून नव्हे, वारा सुटला म्हणूनही नव्हे. घरं जशीच्या तशी उभी होती. ब्यूफोर्ट, मेर्काल्ली, सॅफिर, फुजिता यांच्यापैकी कोणीही तिथे सकाळी गेला असता, तर त्याच्या पट्टीवर शून्य आलं असतं.

वही तशीच अर्धवट आहे. मधूनमधून काढतो, एखादा आकडा दुरुस्त करतो. चित्रंही काढली आहेत, ती मात्र बरी जमली. ज्वालामुखीवर राखेचा खांब, टोर्नेडोची सोंड, भूकंपावर दुभंगलेला रस्ता, न्योसला एक निळं तळं.

उष्णतेच्या लाटेचं पान राहिलं आहे. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७०,००० च्या आसपास माणसं गेली. वरच्या थरात हवेचा जास्त दाब ठाण मांडून बसला. वसंतापासून जमीन कोरडी पडलेली होती, त्यामुळे ओल सुकवण्यात खर्ची पडणारी उष्णताही हवेतच राहिली, आणि रात्रीही घरं निवेनात. बाहेरून नवीन काही आलं नव्हतं. तेच ऊन, ज्याला मी जोकर म्हणून कॅटबाहेर काढलं होतं. मेलेल्यांत बरेचसे म्हातारे, एकटे, वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांत. कितीजण गेले हे तेव्हा नीट कळलंही नाही. नंतर कोणीतरी त्या महिन्यांतल्या एकूण मृत्यूंतून एरवीच्या वर्षांतले मृत्यू वजा केले आणि उरली ती बाकी लिहिली.

या पानावर काय चित्र काढावं हे मला सुचत नाही. एकदा बंद खिडकी काढली होती, मग खोडली. कागद तिथे जरा काळपट झाला आहे.